आवक क्रमांक चारशे तेरा

वैजयंती सुरवसे या बाईशी भांडायचं तर तोंडी भांडावं. लेखी भांडलात की संपलात. तुम्ही रागाच्या भरात ग्रुपवर दोन ओळी टाकणार, पाच मिनिटांनी डोकं थंड झाल्यावर त्या पुसणार आणि समजणार, मिटलं एकदाचं. कसलं मिटतंय! तोवर त्या दोन ओळी बाईंच्या कॉम्प्युटरात जाऊन बसलेल्या असतात, तारखेसकट, वेळेसकट, क्रमांकासकट. पुढं दोन वर्षांनी कुणाच्या तरी बारशात तुम्ही जिलेबीचा तुकडा मोडत असता आणि बाई शेजारी येऊन हळूच सांगतात, "मागच्या संक्रांतीच्या आधीच्या संक्रांतीला तुम्ही मला आगाऊ म्हणाला होता. आहे माझ्याकडं."

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला एका सोसायटीत सुरवशांचं दुमजली घर आहे. सासऱ्यांनी वैराग सोडून इथं प्लॉट घेतला आणि दोन मुलांना दोन मजले बांधून दिले. खाली थोरली जाऊ वच्छला आणि तिची मुलगी ऋतुजा. वच्छलाचा नवरा बारा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती ज्वारीच्या कडक भाकरी थापून दुकानांना घालते. पहाटेपासून तिच्या परातीचा आवाज सुरू होतो. वर धाकटी वैजयंती आणि तिचा नवरा रावजी. त्यांचा मुलगा अजिंक्य बंगळूरला नोकरीला. घराला जिना एक, पाण्याची टाकी एक, मोटार एक, आणि दोघी जावांची तोंडं कायमची दोन दिशांना.

वैजयंतीबाई एका हायस्कूलच्या ऑफिसात एकतीस वर्षं क्लार्क होत्या. लागल्या ज्युनियर म्हणून, निवृत्त झाल्या सीनियर क्लार्क म्हणून, आणि हा सीनियर शब्द त्या कुणाला विसरू द्यायच्या नाहीत. आवक-जावक त्यांच्या टेबलाला. शाळेत आलेला प्रत्येक कागद आवक रजिस्टरात चढायचा, शाळेतून गेलेला प्रत्येक कागद जावक रजिस्टरात. क्रमांक, तारीख, कुणाचा, कशाबद्दल. रजा न टाकता गावाला गेलेले मास्तर त्यांच्या टेबलापुढून जाताना मान खाली घालायचे. एकदा एका मास्तरांनी चौकशीत आपल्या बाजूचं पत्र म्हणून वरचा भाग कापलेला कागद हजर केला. तो कागद बाईंनी दोन बोटांत धरला आणि सगळ्या कमिटीदेखत सांगितलं, "कातरलेला कागद पुराव्याला चालत नाही. आणायचा तर अख्खा आणा." मास्तरांची वेतनवाढ त्यात गेली. हा किस्सा बाई अजून सांगतात आणि सांगताना अजून त्यांना गोड वाटतं.

आता अशी बाई निवृत्त होऊन घरी बसली की काय होणार? घरात कुणी उठून उभं राहीना. भाजीवाली भाव उतरवीना. रावजी पेपर वाचता वाचता 'हं' म्हणायचे, तेवढंच. हॉलमध्ये अजिंक्यचा जुना कॉम्प्युटर टेबलावर होता, त्याच्यावर क्रोशाचं झाकण आणि झाकणावर प्लॅस्टिकचा मोर. एक दिवस बाईंनी तो मोर उचलून शोकेसमध्ये ठेवला आणि खाली हाक मारली, "ऋतुजा, जरा वर ये गं."

ऋतुजा म्हणजे पुतणी. सव्वीस वर्षांची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. दोघी जावांनी एकमेकींशी वैर धरलं तरी पोरगी वर-खाली सारख्याच पायांनी जायची. काकूवर तिचा लहानपणापासून जीव. बाप गेला त्या वर्षी ती रोज दुपारी काकूच्या ऑफिसात जाऊन बसायची आणि शिक्के मारायची. काकूचा तिच्यावर जीव होता का? होता. हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे आलं ते वाचताना कुणाला खोटं वाटेल.

ऋतुजानं कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप लावून दिलं आणि शिकवलं, "हे विंडोजचं बटण धरायचं आणि हे पीआरटीएससी दाबायचं. स्क्रीन जरा अंधारल्यासारखी होते बघ, म्हणजे निघाला फोटो. आपोआप फोल्डरमध्ये जातो. मग पाहिजे ते नाव दे."

"पुसलेला मेसेज पण राहतो?"

"पुसायच्या आधी काढलास तर राहतो की."

बाईंचे डोळे असे लकाकले म्हणता, की पोरीला हसू आलं. मग तिनं आणखी एक दाखवलं. "फोटोत सगळी स्क्रीन येते काकू. डावीकडं तुझी बाकीची लोकं, कोण काय बोललं, सगळं. म्हणून नको ते असं कापून टाकायचं."

"कापायचं नाही," बाई म्हणाल्या. "कातरलेला कागद पुराव्याला चालत नाही."

"अगं, पण हे काय कोर्ट आहे का?"

"तुला नाही कळायचं."

बाईंनी फोल्डर केलं, त्याला नाव दिलं 'आवक'. ऋतुजानं हसत विचारलं, "आणि जावकचं कुठाय? तुझ्या ऑफिसात दोन रजिस्टरं असायची की."

"जावक कशाला? मी काय कुणाला वाईटसाईट पाठवते होय?"

झालं. त्या दिवसापासून सुरवसे परिवार नावाच्या ग्रुपवर बाई पहारा देऊ लागल्या. आवक क्रमांक एक, वच्छला, विषय पाणी. सोलापुरात पाणी येतं चार-पाच दिवसांनी, ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरोघरी लढाई असते, आणि सुरवशांच्या घरात तर मोटार एकच. वच्छलाला लिहिता फारसं यायचं नाही, ती फोनमध्ये बोलायची आणि फोन लिहायचा. त्यामुळं तिचं भांडण ग्रुपवर जसंच्या तसं उतरायचं. 'वरच्यांनी टाकी भरून घेतली आन आमाला चिखल ठेवला.' लगेच विंडोज, पीआरटीएससी. स्क्रीन अंधारली, बाई उजळल्या. 'जिन्यात चपला ठेवायला ह्यो काय सरकारी दवाखाना हाय?' आवक बावीस. वैरागच्या मामांनी चुकून पाठवलेला जांभया देणारा चेहरा, तोही आवक सदुसष्ट, कारण तो बाईंच्या मेसेजच्या खाली होता. तीन वर्षांत चारशेच्या वर कागद जमले. रावजींनी एकदा विचारलं, "ह्याचं पुढं करायचं काय गं?" तर बाई म्हणाल्या, "वेळ आली की कळेल."

वेळ आली ती ऋतुजाच्या लग्नातून.

वेळापूरचं स्थळ आलं. मुलगा युवराज, पुण्यात एका कंपनीत, घरी ऊस, स्वभावानं गरीब. ऋतुजा आणि तो दोन वेळा भेटले, मग फोनवर बोलायला लागले आणि पोरगी भाकरीच्या पिठात हात घालताना गाणं गुणगुणायला लागली. वच्छलेनं बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी साडी घेतली. रविवारी सुपारी फुटली. वेळापूरची दहा माणसं खालच्या हॉलमध्ये बसली होती, रावजी चुलता म्हणून पुढं, वैजयंतीबाई निळी पैठणी नेसून दाराशी. मुलाची मोठी बहीण अपेक्षा, तिनं हसून विचारलं, "ह्या कोण?"

वच्छला ताटं मांडता मांडता म्हणाली, "ही व्हय? ही आमची धाकटी जाव. साळंत शिपाई का काय हुती."

मुद्दाम म्हणाली का? माझं विचाराल तर मुद्दाम म्हणाली. एकतीस वर्षांत जावेचा हुद्दा माहीत नाही असं कसं होईल? टाकीच्या पाण्याचा सूड तिनं असा ताटं मांडता मांडता घेतला. पाहुण्यांतलं कुणी हसलंसुद्धा नाही, त्यांना काय त्याचं! अपेक्षानं 'हो का' म्हणून बाईंना शेजारी बसवून घेतलं, साड्यांच्या मानपानाचं विचारायला नंबरही घेतला-दिला. पण वैजयंतीबाईंच्या कानात तो शिपाई जो शिरला तो काही बाहेर निघेना. जेवण त्यांना गेलं नाही. दोन दिवस त्या घरात आपल्या आपण बोलत फिरल्या. "सीनियर क्लार्क म्हणायला जीभ झडली असती काय हिची?"

मंगळवारी दुपारी रावजी झोपलेले असताना बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. चाळीस शब्दांच्या स्पीडनं टायपिंग केलेली बोटं ती, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अपेक्षाला त्यांनी लिहिलं, 'मुलगी मनापासून तयार नाही. आईच्या धाकानं हो म्हणाली आहे. तुमच्या भल्यासाठी सांगते, माझं नाव कुठं येऊ देऊ नका.' चार वाजून बारा मिनिटं. थोड्या वेळानं मेसेजच्या टोकाशी दोन निळ्या खुणा उमटल्या. वाचला गेला.

हा नीचपणा होता. दुसरा शब्द मला येत नाही. वैर वच्छलाशी, आणि फास आवळला तो ज्या पोरीनं कॉम्प्युटर शिकवला तिच्या गळ्याभोवती. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त वच्छलाची नवी साडी होती आणि ती साडी कपाटात पडून राहिलेली त्यांना बघायची होती.

त्याच संध्याकाळी पाणी आलं. बाईंनी वरची टाकी भरेपर्यंत खालचा कॉक बंद ठेवला आणि खाली भांड्यांचा ढीग तसाच पडला. सात वाजून चोवीस मिनिटांनी ग्रुपवर वच्छलाचा मेसेज आला. 'वरच्या मजल्यावर एक बाई हाय तिला कुणाचं बरं झालेलं बगवत न्हाय माझ्या लेकीच्या लग्नात तिची सावली पण नको.' बाईंचा हात चुकला नाही. विंडोज, पीआरटीएससी. सात सव्वीसला स्क्रीन अंधारली. साडेसातला वच्छलेनं, म्हणजे ऋतुजानं आईच्या हातातून फोन घेऊन, तो मेसेज पुसून टाकला. पण बाईंकडं तो पोचला होता. आवक क्रमांक चारशे तेरा, वच्छला, विषय सावली.

रात्री जेवणाच्या सुमारास अपेक्षाचं उत्तर आलं, 'बरं झालं सांगितलंत.' बाईंनी ते वाचलं आणि तिच्याशी झालेलं सगळं बोलणं मुळापासून पुसून टाकलं, फोनवरून गेलं, कॉम्प्युटरवरून गेलं. आणि त्यांच्या मनातूनही गेलं, कारण ज्याला क्रमांक नाही तो कागद बाईंच्या लेखी नसतोच.

शनिवारी वेळापूरहून फोन आला. मुलीची मनापासून तयारी नाही असं कळलं, आम्हाला जबरदस्तीचं लग्न नको, सुपारी मोडली समजा. कुणाकडून कळलं ते सांगितलं नाही. युवराजनं ऋतुजाचा फोन उचलला नाही.

ऋतुजा धावत वर आली ती सरळ काकूच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. "काकू, मी कुणाला म्हणाले गं तयार नाही म्हणून? कुणालाच नाही म्हणाले. आई म्हणते, तूच त्याला फोनवर कायतरी बोलली असशील. माझ्याशी बोलायची बंद झालीय. ताट वाढून झाकून ठेवते आणि उठून जाते. मी काय करू?"

खरं सांगतो, बाई तेव्हा बोलणार होत्या. त्यांचा हात पोरीच्या केसांवरून फिरत होता आणि तोंडात शब्द आलेही होते. एवढ्यात खालून वच्छलाचा आवाज चढला, ती नळावर शेजारणीला सांगत होती, "वरच्या मजल्याची नजर लागली बाय माज्या पोरीला." बाईंच्या तोंडात आलेले शब्द तिथंच फिरले. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं. असल्या हलक्या कानाच्या लोकांत पडली नाहीस ते बरं झालं."

मग उठल्या, पदर खोचला आणि जिन्यातून खाली वाकून विचारलं, "अक्का, कुणाची नजर? आणि ग्रुपवर काय लिहिलं होतं तुम्ही त्या दिवशी?"

"म्या? म्या काय लिहिलं?"

"सावली नको म्हणून लिहिलंत. पुसलंत म्हणून काय झालं?"

"म्या काय न्हाय लिहिलं. लिहिलं असंल तर दाव की!"

दाव की! या दोन शब्दांची तर बाई तीन वर्षं वाट बघत होत्या. त्यांनी वैरागच्या मामांना फोन लावला. रावजींचे मामा, घरातलं उरलेलं एकमेव मोठं माणूस. पुढच्या रविवारी बैठक ठरली. शनिवारी बाई स्वतः झेरॉक्सच्या दुकानात गेल्या आणि चारशे तेरा क्रमांकाच्या चार रंगीत प्रती काढून आणल्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मधलं तेवढं मोठं करून देऊ का? बाजूचं कापतो." बाईंनी त्याला झापला. अख्खा पाहिजे. घरी येऊन प्रत्येक प्रतीवर वच्छलाच्या ओळींखाली पट्टी धरून लाल पेननं रेघ मारली. चारही वेळा त्यांची नजर त्या ओळीवर होती. दुसरीकडं बघायचं कारणच नव्हतं.

रविवारी सकाळी अकरा वाजता वरच्या हॉलमध्ये सगळे बसले. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. रावजी खुर्चीच्या कडेला, आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखे. वच्छला जमिनीवर भिंतीला टेकून, हाताला पीठ तसंच. ऋतुजा दारात उभी. आई-लेकीचं अजून बोलणं नव्हतं, आठ दिवस झाले होते, पोरीचा चेहरा पार उतरलेला. बाईंनी चहासुद्धा टाकला नव्हता. कामकाज आधी.

"मामा," बाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी सीनियर क्लार्कचं काम केलं. पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. ह्या म्हणतात, मी लिहिलं नाही. आता बघा." आणि त्यांनी प्रती वाटल्या, परीक्षेत पेपर वाटतात तशा.

मामांनी कागद नाकाशी नेला, उलटा केला, सुलटा केला. "मला न्हाय दिसत गं. वाच की कुणीतरी."

"ऋतुजा, तू वाच," बाई म्हणाल्या. "तुझ्या आईचे शब्द तुझ्या तोंडूनच ऐकू देत सगळ्यांना."

रावजी म्हणाले, "अगं, तिला कशाला?" पण बाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ऋतुजानं कागद घेतला आणि वाचलं. वरच्या मजल्यावर एक बाई हाय. कुणाचं बरं झालेलं बगवत न्हाय. सावली पण नको. वाचताना आवाज कापत होता.

वच्छलेनं थोडा वेळ पिठाच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय. म्या लिहिलं. पाणी तोडलं म्हणून रागात लिहिलं. पोरीचं लगीन मोडलं तवापास्नं माझं डोकं ठिकाणावर न्हाय, म्हणून न्हाय म्हणाले. चुकलं माझं. वैजू, पाया पडते तुझ्या, झालं?" आणि ती खरोखर पुढं सरकली.

मामा म्हणाले, "झालं. मोठी असून वाकली. मिटवा आता, आन च्या टाका."

मिटलं असतं. अहो, तिथं मिटलं असतं! बाई जिंकल्या होत्या. पायाशी वच्छला, साक्षीला मामा, आणखी काय पाहिजे माणसाला? पण एकतीस वर्षांची खोड. बाई म्हणाल्या, "थांबा मामा. तारीख-वेळ पण वाचली पाहिजे, नाहीतर उद्या म्हणतील खोटं छापून आणलं. ऋतुजा, सगळं आहे त्याच्यात. खाली उजव्या कोपऱ्यात बघ. नीट बघून वाच."

ऋतुजानं नीट बघितलं. "तारीख मंगळवारची," ती म्हणाली. "सात वाजून सव्वीस."

"बघा! मंगळवार, सात सव्वीस."

पण ऋतुजाची मान वर आली नाही. ती कागद बघतच राहिली. तिची नजर कोपऱ्यातून निघून हळूहळू डावीकडं गेली आणि एका जागी थांबली. ही स्क्रीन तिनंच लावून दिली होती. तिच्यावर कुठं काय असतं ते त्या खोलीत तिच्याएवढं कुणाला माहीत नव्हतं.

"डावीकडं पण आहे," ती म्हणाली. तिचा आवाज आता कापत नव्हता. "सगळ्यात वर ग्रुप. त्याच्या खाली अजिंक्यदादा, 'ओके आई.' त्याच्या खाली अपेक्षा वेळापूर. चार वाजून बारा मिनिटं."

बाईंचा चेहरा बघवेना असा झाला.

"'मुलगी मनापासून तयार नाही. आईच्या धाकानं...'" ऋतुजानं वाचलं. "पुढं टिंबं आहेत. पुढचं दिसत नाही. पण आधी दोन निळ्या खुणा आहेत. म्हणजे हे आलेलं नाही. इथून पाठवलेलं आहे, आणि तिकडं वाचलेलं."

मामा चष्म्याआडून इकडं-तिकडं बघत म्हणाले, "म्हंजे काय झालं?" रावजींनी आपली प्रत डोळ्यांजवळ नेली, वाचली, गुडघ्यावर उपडी ठेवली आणि बायकोकडं असं बघितलं, जसं पस्तीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"ते... ते ह्यातलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याचा इथं संबंध नाही. ते बाजूचं आहे. ते तेवढं कापून टाक."

ऋतुजानं पहिल्यांदा मान वर केली. "कातरलेला कागद पुराव्याला चालत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं."

जन्मापासून ती पोरगी काकूला अगं-तूगं करत आली होती.

"ऋतू, ऐक माझं. तुझ्या आईनं मला चारचौघांत शिपाई..."

"मांडीवर डोकं ठेवून रडले मी तुमच्या. केसांवरून हात फिरवलात. म्हणालात, बरं झालं."

बाईंजवळ चारशे तेरा कागद होते, पण त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता.

वच्छला भिंतीला धरून उठली. आता ही केस धरणार, असं रावजींना वाटलं आणि ते अर्धवट उभे राहिले. पण तिनं जावेकडं बघितलंसुद्धा नाही. ती लेकीजवळ गेली आणि पिठाच्या हातानंच तिचं तोंड पुसलं. "म्या तुलाच बोलत बसले गं," ती म्हणाली. "आट दिवस. चल खाली. सकाळपास्नं पोटात काय न्हाय तुझ्या."

"आले," ऋतुजा म्हणाली.

कॉम्प्युटरच्या टेबलावर लाल पेन होतं. ऋतुजानं ते उचललं, कागद कीबोर्डवर ठेवला, डावीकडच्या त्या ओळीखाली पट्टी न धरता एक रेघ मारली, वरच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण नीट लावून ठेवलं. मग आईचा हात धरून जिना उतरून गेली. खालचं दार लागलं. ते दिवसा कधी लागत नसे.

मामा चाचपडत उठले आणि टेबलापाशी गेले. "काय लिवलं रं पोरीनं, रावजी? मला दिसंना."

रावजींनी कागद हातात घेतला आणि बायकोच्या तोंडासमोर उभं राहून मोठ्यानं वाचलं.

"जावक क्रमांक एक."